विंडोजचा जीर्णोद्धार की नवी स्थापना: गरजूंसाठी मार्गदर्शन

विंडोज १० ह्या कार्यप्रणालीची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, म्हणजे धनत्रयोदशीला अवघे चार दिवस उरले असता, संपली. आणि त्या सुमारास सुरतच्या गोडादऱ्यातील, संगणकावर एम्ब्रॉयडरीच्या नक्षीचे पंचिंग करणारे, खानदेशातून येऊन येथे स्थायिक झालेले आमचे बांधव दिवाळीच्या मालात आकंठ बुडालेले असल्यामुळे मायक्रोसॉफ्टच्या त्या फर्मानाची दखल घेण्यास त्यांना फुरसत नव्हती, यात नवल नाही. शिवाय नावनोंदणी केल्यास १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत सुरक्षेपुरती मुदतवाढ होतीच. तेव्हा विंडोज ११कडे जाण्याचा निर्णय तहकूब ठेवण्यास रीतसर सबबही मिळाली.

आता प्रश्न असा की, जुन्या रो-हाउसवर मजला चढवावा तशी असलेल्या विंडोजवरच अकरावी चढवावी, की फॉरमॅट मारून कोरी करकरीत टाकावी? या वादात पडण्यापूर्वी जिज्ञासूने आपल्या यंत्राची कुंडली पाहावी. टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था नसेल किंवा प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीहून जुना असेल, तर सामान्यतः दोन्ही पक्ष बाद होतात. आणि ३२-बिट विंडोज असेल, तर ती वर चढवताच येत नाही, कारण अकरावी फक्त ६४-बिट आहे.

वर चढवणाऱ्याने ‘फाइली व प्रोग्राम राखावेत’ हा पर्याय निवडून निश्चिंत बसावे. टॅली, प्रिंटर, गुजराती-मराठी फाँट आणि पंचिंगच्या सॉफ्टवेअरची चावी असलेल्या डोंगलचा ड्रायव्हर हे सारे सहसा जागच्या जागी राहतात. त्याचप्रमाणे मुदत संपलेले अँटिव्हायरस आणि कोणा भाच्याने उतरवलेले खेळही आपली वहिवाट अबाधित राखतात. जुनी विंडोज ‘विंडोज.ओल्ड’ या फोल्डरात दहा दिवस सांभाळून ठेवली जाते, तेवढ्यात पश्चात्ताप उरकून घ्यावा. टक्केवारी एकाच आकड्यावर खिळली म्हणून बटण दाबू नये. आणि इन्व्हर्टर त्या दिवसापुरता पंख्याकडून काढून संगणकाकडे वर्ग करावा.

फॉरमॅट मारणाऱ्याची खरी परीक्षा पार्टिशनच्या पडद्यावर होते. तेथे सी आणि डी ही परिचित नावे अंतर्धान पावतात, उरतात केवळ क्रमांक आणि आकार, आणि नेमक्या याच क्षणी मागे उभा असलेला आप्त छातीठोकपणे सांगतो, “भाऊ, समदं डी मा शे.” त्याचा प्रामाणिकपणा निःसंशय असला, तरी डेस्कटॉप हा मूळ व्यवस्थेनुसार सीमध्येच नांदतो, याची त्याला कल्पना नसते; आणि ‘फायनल’, ‘फायनल नवी’, ‘शेटजी ओके’ अशा नावांनी कारखान्याची सारी दौलत तर त्या डेस्कटॉपवरच विखुरलेली असते! पेनड्राइव्हवर डीएसटी फाइली आहेत, हे समाधानही तात्पुरतेच, कारण डीएसटीत यंत्रासाठी केवळ टाक्यांचा हिशेब असतो. मशीन त्यावर चालते, परंतु शेटजींनी तोच बुट्टा दीडपट मागितला की मूळ ईएमबी फाइलीवाचून टाक्यांची घनता बिघडते आणि पंचिंग पुन्हा आरंभापासून करावे लागते.

म्हणून आमचा निवाडा असा: आपल्या संगणकात काय काय आहे याची यादी ज्याला न पाहता सांगता येते आणि प्रत्येक सॉफ्टवेअरची मूळ प्रत ज्याच्यापाशी आहे, त्याने खुशाल फॉरमॅट मारावा, त्याचे यंत्र पुन्हा झपाट्याने चालेल; इतर सर्वांनी, म्हणजे जवळपास आपण सर्वांनीच, वर चढवण्यातच कल्याण मानावे. कोणताही मार्ग धरला, तरी आधी डेस्कटॉपची नक्कल बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क काम संपेपर्यंत वायरीसकट काढून कपाटात ठेवावी, नाहीतर पार्टिशनच्या गर्दीत तिचाही बळी जातो. काम दिवाळीनंतर, लाभपंचमीला मार्केट उघडण्याआधी उरकावे. मात्र त्या दिवसांत पंचिंगवाला गावी गेलेला असतो, आणि डोंगल पुष्कळदा त्याच्याच खिशात असते. तेव्हा तो उधन्याहून अमळनेरची गाडी पकडण्यापूर्वी डोंगल तेवढे मागून घ्यावे, ही विनंती.