फ्लँडर्समध्ये मागे कसं पडावं? : नवशिक्यांसाठी

अभिनंदन! बेल्जियमच्या फ्लँडर्समधल्या एका हौशी सायकल क्लबने तुम्हाला हंगामापुरतं संघात घेतलं आहे. हे तुमच्या वेगामुळे झालं, हा समज विमानात बसण्याआधीच काढून टाका. तिथे तुमच्यापेक्षा वेगवान मुलं शाळेत जातात.

सुरुवात कागदपत्रांपासून, कारण पहिली दमछाक तिथेच होते. शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, म्हणजे पूर्ण हंगाम खेळायचा तर दीर्घ मुदतीचा व्हिसा हवा. परवाना आपल्या महासंघाचा, परदेशी शर्यतीत उतरण्याची लेखी परवानगीही त्यांचीच. पोचल्यावर नगरपालिकेत नाव नोंदवायचं. मग त्या भागातला पोलीस तुम्ही खरंच त्या पत्त्यावर राहता का, हे बघायला घरी येतो. तो नेमका तुम्ही सरावाला गेलेले असताना येईल, हे धरूनच चाला आणि निदान दारावरच्या घंटीशेजारी नाव तरी लावून ठेवा. पासपोर्टच्या चौकशीला येणाऱ्या हवालदाराची सवय असलेल्या आपल्या लोकांना यात नवल वाटू नये. फक्त चहाचा आग्रह करू नका, तो कोड्यात पडेल.

घर सामाईक असतं. सिंक नेहमी भरलेलं, बाथरूममध्ये चिखलाच्या बिब शॉर्ट्स, आणि बाटल्या नक्की कोणाच्या यावरून वाद. कचऱ्याच्या पिशव्या नगरपालिकेच्या ठरावीक, विकत घ्यायच्या; दुसऱ्या गावची पिशवी दारात ठेवली तर कोणी उचलत नाही. रविवारी बरीच दुकानं बंद असतात, तेव्हा तांदूळ शनिवारीच आणा.

शाकाहारी असाल तर दोन गोष्टींची मनाची तयारी ठेवा. एक, हौशी क्लबांचे प्रायोजक गावातलेच असतात: प्लंबर, छप्परवाला, खाटीक. तेव्हा उन्हाळाभर छातीवर खाटकाचं नाव मिरवावं लागू शकतं. दोन, तिथले प्रसिद्ध बटाट्याचे फ्राइज अनेक टपऱ्यांवर अजूनही गाईच्या चरबीत तळतात. विचारून घ्या. विचारल्यावर टपरीवाला तुमच्याकडे ज्या दयेने बघेल, ती शर्यतीत पुढे बऱ्याचदा दिसणार आहे.

आता चढांविषयी. सिंहगड आठवड्यातून दोनदा चढणारा माणूस फ्लँडर्सचा नकाशा बघून हसतो. कोपेनबर्ग या तिथल्या चढाचा माथा समुद्रसपाटीपासून ८० मीटरसुद्धा नाही आणि चढ जेमतेम ६०० मीटर लांब. हसून घ्या. रस्ता दगडी आहे, उतार एका जागी २२ टक्क्यांवर जातो, आणि दगड ओले असतील तर सीटवरून उठताक्षणी मागचं चाक जागच्या जागी फिरतं. पुढच्या एकाने पाय टेकला की त्याच्यामागचे सगळे सायकल हातात धरून पायी निघतात, मग ते जगज्जेते का असेनात. १९८७ साली तर आघाडीवर असलेला डेन्मार्कचा येस्पर स्किबी इथे पडला आणि पंचांची गाडी त्याच्या सायकलवरून गेली. त्यानंतर २००२ पर्यंत टूर ऑफ फ्लँडर्स ही शर्यत या चढाकडे फिरकली नाही. तुमच्यासाठी मात्र तो बाराही महिने उघडा आहे.

खरी गंमत चढात नसतेच. ती वाऱ्यात असते, आणि हे आपल्याकडे कोणी शिकवत नाही. घाटात कस लागतो तो तुमच्या फुप्फुसांचा. बटाट्याच्या आणि मक्याच्या सपाट शेतांमधून जाणाऱ्या काँक्रीटच्या अरुंद रस्त्यावर कस लागतो तो तुमच्या जागेचा. वारा बाजूने आला की पुढच्याच्या सरळ मागे राहून आडोसा मिळत नाही. त्याच्या तिरकं, वाऱ्याच्या पलीकडच्या अंगाला राहावं लागतं. त्यामुळे स्वार तिरप्या रांगेत रस्ताभर पसरतात. रस्ता संपतो तिथे आडोसा संपतो. बारा-पंधरा जण मावले, तर त्यांच्यानंतरचा स्वार रस्त्याच्या कडेला, गटाराच्या झाकणांवरून, एकटा वारा खात पळतो. तो स्वार म्हणजे तुम्ही.

अशा वेळी नवशिका काय करतो? दात खाऊन समोरच्याचं चाक धरतो. पाचव्या मिनिटाला त्याच्यापुढे फट पडते, आणि मागचे सत्तर जण त्याचा उद्धार करतात. भाषा येत नसली तरी उद्धार कळतो. शहाण्याने लगेच मागच्यांना खूण करून दुसरी तिरपी रांग लावावी, आपली पाळी आली की पुढे येऊन वारा खावा आणि निमूट मागे सरकावं. पाळी चुकवली तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या जिल्ह्याला कळतं. फ्लँडर्समध्ये हळू असणं माफ आहे, फुकट्या असणं नाही.

तुमची पहिली शर्यत बहुधा गावच्या जत्रेतली असेल. तिला केर्मिस म्हणतात. भर आठवड्यात, दुपारी, गावाभोवती सात-आठ किलोमीटरची फेरी, आणि अशा फेऱ्यांवर फेऱ्या करत शंभराच्या पुढे. नावनोंदणी गावच्या दारूच्या गुत्त्यात किंवा सभागृहात. सुरुवातीला सगळे गप्पा मारत असतात, त्याला भुलू नका. शिट्टी वाजली की वेग ताशी ४० च्या वर जातो आणि प्रत्येक वळणानंतर पुन्हा शून्यातून धाव घ्यावी लागते. पहिल्या वीसात असाल तर वळण साधं. ऐंशीवे असाल तर आधी ब्रेक, मग जिवाच्या आकांताने पाठलाग, आणि तो संपतो न संपतो तोच पुढचं वळण. म्हणजे मागे राहून दम वाचवायचा हा आपला हिशेब इथे उलटा पडतो. शेपटीला राहणारा माणूस सर्वांत जास्त राबतो. (आपल्या कार्यालयांतही असंच असतं, पण तिथे निदान छत असतं.)

फार मागे पडलात की पंच तुम्हाला बाजूला काढतात. यात अपमान नाही. रस्त्याकडेला खुर्च्या टाकून बसलेल्या आज्यांनी याहून मोठमोठ्यांना बाजूला होताना पाहिलं आहे. बेल्जियमचा महान सायकलपटू एडी मेर्क्स ज्यांच्या डोळ्यांदेखत जिंकत होता, त्या तुमच्याकडून काही अपेक्षा ठेवत नाहीत.

संघात तुमच्या पायांना मालीश करणारे, बाटल्या भरणारे निवृत्त गृहस्थ भेटतील. सत्तरीचे असले तरी त्यांना पहिल्या नावानेच हाक मारायची. जीभ रेटत नाही. मनातल्या मनात ‘काका’ जोडून घ्या. ते तुम्हाला टॉम सिम्पसनची गोष्ट सांगतील: इंग्लंडहून आला, १९६१ मध्ये टूर ऑफ फ्लँडर्स जिंकला, गेंटमध्ये घर केलं. दर आठवड्याला सांगतील. दर आठवड्याला पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐका. बाटली भरून मिळते.

घरून फोन येईल, ‘कितवा आलास?’ चाळीस टक्के लोक शर्यत पूर्णच करत नाहीत असली आकडेवारी आईला ऐकवू नका. ती बाकीच्या साठांविषयी विचारेल. ‘जेवलो’ एवढं सांगा.

आणि बाजूला काढलं तरी रुसून थेट घरी निघू नका. गुत्त्यात जाऊन पाठीवरचा नंबर परत द्या. त्याशिवाय अनामत रक्कम मिळत नाही.