गिटार : प्राथमिक, परवडणारी

नवशिक्याची गिटार घरात येते ती बहुधा दहावीच्या निकालानंतर. खरेदीदारांचे दोन वर्ग पडतात. पहिल्याला खरोखर शिकायचे असते. दुसरा ‘पोराला हवीय’ म्हणून घेतो आणि पोर क्लासला गेले की आरशासमोर गळ्यात अडकवून पाहतो. प्रस्तुत लेखक दुसऱ्या वर्गातला जाणकार असून, गिटार किती अंशांत कलती धरली की पोट पूर्ण झाकले जाते, हे तो सप्रयोग दाखवू शकतो.

पोट झाकण्यास ‘ड्रेडनॉट’ हा आकार उत्तम. मार्टिन कंपनीने 1916 मध्ये बाजारात आलेल्या या आकाराला ब्रिटिश युद्धनौकेचे नाव दिले. मात्र बारा वर्षांच्या मुलाने ही गिटार मांडीवर घेतली की उजवा खांदा कानाला लागतो. लहान चणीच्या वादकाला छोट्या अंगाची गिटार घ्यावी. मोठ्याने स्वतःच्या पोटाचा प्रश्न स्वतंत्रपणे सोडवावा.

तारा स्टीलच्या किंवा नायलॉनच्या. नायलॉन बोटांना मऊ, पण गळा रुंद. स्टीलच्या हलक्या संचाचा एकत्रित ताणसुद्धा सत्तर किलोच्या घरात जातो, त्यामुळे स्वस्त गिटारीचा गळा कालांतराने पुढे वाकतो. तो सरळ करणारी सळई, म्हणजे ट्रस रॉड, आत आहे ना, हे आधी विचारावे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट ॲक्शन, म्हणजे तारेची गळ्यावरील पट्टीपासूनची उंची. बाराव्या फ्रेटवर कंपासपेटीतली पट्टी उभी धरावी. दोन-अडीच मिलिमीटर ठीक. चारच्या पुढे गेली, तर ती गिटार दारात शोभते.

तारेच्या उंचीचा विषय निघाला की मिरजेचा उल्लेख अपरिहार्य आहे, निदान प्रस्तुत लेखकाला तो टाळता येत नाही. त्याच्या गावाहून, म्हणजे कोरेगावहून, रेल्वेने थेट मिरजेला जाता येते. तिथल्या सतारमेकरांचे पूर्वज मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात ते तंतुवाद्यांकडे वळले आणि 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. पंढरपूरकडचे भोपळे, तुणाचे लाकूड हे सगळे असतेच. पण वाद्य बोलते ते जवारीने. कारागीर घोडीचा माथा कानसतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा कानसतो. तारेखाली सुताचा धागा केसभर सरकवतो आणि एकदम खोली भरून जाते. गाणारा कोण, पट्टी कोणती, हे विचारल्याशिवाय तंबोरा हातावेगळा होत नाही. (हा परिच्छेद वाढला आहे. कापण्याचा विचार नाही.)

गिटारीच्याही घोडीवरचे सॅडल खालून घासले की ॲक्शन उतरते. काम फार तर अर्ध्या तासाचे. तरीही स्वस्त गिटार कारखान्यातून खोक्यात, खोक्यातून घरात येते आणि मधे तिला कोणी हातही लावत नाही. वाघ्या घेवडा घेताना कोरेगावकर चार दाणे तळहातावर घोळवल्याशिवाय भाव विचारत नाही. गिटार मात्र फोटोवर घेतो, तीही निळी. मग पोर आठवडाभर दाबते, बोटांची सालं निघतात, एफ कॉर्ड काही वाजत नाही आणि घरातले निकाल देतात, ‘याला धीरच नाही.’ दोष दोन मिलिमीटरचा असतो. ते मूल पुढे कुठल्याच वाद्याला हात लावत नाही, याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

किंमत. दोन हजारांत गिटारीच्या आकाराची वस्तू मिळते. पाच ते दहा हजारांच्या दरम्यान वाद्य सुरू होते. नवशिक्यांना वर्षानुवर्षे सुचवली जाणारी यामाहाची एफ310 याच पट्ट्याच्या वरच्या टोकाच्या आसपास सापडते. अखंड लाकडाचा माथा, म्हणजे पुढची फळी, सुरेल खरा, पण पावसाळ्यात लवकर रुसतो. प्लायचा माथा मुकाट सोसतो. पहिल्या गिटारीला प्लाय चालते. उरलेल्या पैशातून ॲक्शन नीट करून घ्यावी आणि तारा बदलाव्यात.

सोबत फुकट मिळणाऱ्या वस्तूंपैकी पट्टा आणि पिक कामाचे. पातळ पिशवी धुळीपुरती. स्वर जुळवायला मोबाइलवरचे मोफत ॲप पुरते. काळा चष्मा संचात येत नाही. तो दुसऱ्या वर्गातील खरेदीदाराकडे आधीपासूनच असतो.