साहित्य आणि कृती

रविवारी रात्री आठवडाभराचा स्वयंपाक ठरवायचा, त्यावरून यादी करायची, सोमवारी एकदाच बाजार करायचा आणि मग शनिवारपर्यंत ‘आज काय करू?’ हा प्रश्न घरात कुणी काढायचा नाही, असा ठराव मी गेल्या दिवाळीनंतर एकमताने मंजूर केला. एकमताने म्हणजे माझ्या. आमचे हे तेव्हा मॅच बघत होते.

फोनवर पाककृतींच्या साइट उघडल्या. मराठी, गुजराती, इंग्रजी, सापडेल ती. तरला दलालांच्या साइटवर तर मला हक्कच वाटतो. त्या गुजराती असून जन्मल्या पुण्यात आणि मी जळगावची असून फोडण्या देते सुरतेत, म्हणजे हिशेब फिटला. सोमवारी मेथीचे मुठिये, मंगळवारी पनीर, गुरुवारी एकादशी म्हणून रताळ्याच्या पाकातल्या चकत्या, शनिवारी खमण. प्रत्येक पदार्थाखालचं ‘साहित्य’ उचललं, एकाखाली एक डकवलं, झाली यादी.

तीत ‘पाणी – गरजेनुसार’ चार वेळा होतं आणि ‘मीठ – चवीनुसार’ सहा वेळा. हे रिंगरोडच्या कापड मार्केटात हिशेब लिहितात. नोंद म्हणजे नोंद. मिठाच्या सहा पिशव्या आल्या. पाणी नळाचं चालेल का, तेवढं फोन करून विचारलं. ‘कढीपत्ता – आठ पानं’ हे वाचून त्यांनी लारीवर खरोखरच आठ पानं मागितली. कढीपत्त्याला इथे ‘मीठो लीमडो’ म्हणतात, म्हणजे आधी बोट दाखवून ओळख पटवायची आणि मग मोजायला सांगायचं. भाजीवाल्या बेनने काही न बोलता अख्खी जुडी पिशवीत कोंबली. पैसे घेतले नाहीत. अशा माणसाकडून घ्यायचे तरी कसे?

पूर्वी आम्ही उधन्याला राहायचो. तिथे असले घोळ होत नव्हते. तापीकाठच्या रेल्वेने निम्मा खानदेश या शहरात आणून सोडलाय. उधना, लिंबायत, डिंडोली भागात भाजीवालीच ‘काय जोयजे ताई?’ असं अहिराणीत विचारते. गिलकी म्हटलं की गिलकीच मिळायची. अडाजणला फ्लॅट घेतला आणि भाजीची भाषा बदलली.

एकादशीची गोष्ट त्यातलीच. यादीत ‘रताळी – एक किलो’. ह्यांनी लारीपुढे उभं राहून ते मोठ्याने वाचलं. बेनने एक किलो रताळु दिलं. यात दोघांचीही चूक नाही. गुजरातीतलं रताळु म्हणजे आपलं कोनफळ. आपल्या रताळ्याला इथे शक्करियां म्हणतात. पिशवीतून एक मातकट, केसाळ गड्डा निघाला. सुरी घातली तर आत जर्द जांभळा. ‘वेगळी जात असेल,’ हे म्हणाले. मी साइटवर भरवसा ठेवून पाक केला, चकत्या सोडल्या आणि अर्ध्या तासाने शाईच्या दौतीत बुडवल्यासारखं काहीतरी ताटात वाढलं. समोरच्या बेन हळहळल्या. एवढा चांगला कंद! त्याच्या चकत्या बेसनात बुडवून, वर भरडलेले धणे-मिरी लावून तळल्या असत्या तर डुमसच्या दर्यावर मिळते तशी रताळुपुरी झाली असती. पण मग माझ्या एकादशीचं काय, ते त्यांनी सांगितलं नाही.

खमणाला मात्र भाषेचा दोष देता येत नाही. कृतीत ‘दोन कप बेसन’ होतं. साइटवरचा कप असतो 240 मिलिलिटरचा. आमचा चहाचा कप जेमतेम निम्मा. बेसन मी त्या कपाने घेतलं आणि पाणी मिक्सरच्या भांड्यावरच्या खुणा बघून, अगदी काटेकोर. माझ्या आईकडे कमलाबाई ओगल्यांचं 1970 सालचं ‘रुचिरा’ आहे. हळदीने पानं पिवळी पडलीत, पण माप वाटी-चमच्याचं. कुठलीही वाटी घ्या, शेवटपर्यंत तीच ठेवा, पदार्थ बिघडत नाही. माझं पीठ वाफेवर वीस मिनिटं राहून बाहेर आलं ते हलत होतं. मला आशा होती. सुरतेत लोचो नावाचा पदार्थ आहे, आणि तो म्हणे खमण बिघडूनच जन्माला आला. त्यावर तेल, शेव, कांदा घालून लोक सकाळी सकाळी रांगा लावून खातात. मीही शेव पेरली आणि समोरच्या बेनना वाटी दिली. त्यांनी चमचा फिरवला, चाखलं आणि फार मायेने म्हणाल्या, ‘ना रे बेन, आ तो लोचो बी नथी.’

थंडी पडली तसा ठराव आणखी ढिला झाला. मेनूत बुधवारी ब्रोकोली होती. बेन म्हणाली, ब्रोकोली पुढच्या आठवड्यातही मिळेल, आज पापडी घे, कतारगामची आहे. कतारगामात आता हिऱ्यांचे कारखाने आहेत, तिथे पापडी कुठे पिकते हे मी विचारलं नाही. पापडीला कतारगामची म्हटलं की सुरतेत पुढचं बोलणं संपतं. वजन करता करताच तिने कृती सांगितली. पापडी, ओवा, मूठभर हिरवा लसूण, झाकणावर पाणी.

‘तेल केटलुं?’ मी विचारलं.

‘देखाय एटलुं.’

दिसेल इतकं! एवढं नेमकं माप मला एकाही साइटवर सापडलं नव्हतं. भाजी उत्तम झाली.

यादी मात्र मी सोडली नाही, सुधारली. भाज्यांची नावं सरळ गुजरातीत लिहायला लागले. रताळी नाही, शक्करियां. दोडकी नाही, तुरियां. आलं नाही, आदु. शेवगा नाही, सरगवो. तीन सोमवार निर्विघ्न पार पडले. चौथ्या सोमवारी चवळीच्या शेंगांची भाजी होती. त्या शेंगांना इथे चोळी म्हणतात. मी लिहिलं, ‘चोळी – अर्धा किलो’.

संध्याकाळी ह्यांचा फोन आला. ‘अगं, चोळी लाल घेऊ की हिरवी?’

मी कुकरच्या शिट्या मोजत होते. ‘हिरवीच. आणि लांब बघून घ्या.’

सुरतेच्या मार्केटात कापडाचे तुकडे किलोवर विकतात, त्यामुळे अर्धा किलो चोळीत त्यांना काहीच खटकलं नव्हतं. पिशवीत सहा ब्लाउजपीस होते. हिरवेगार, चांगले मीटर-मीटरभर. वर काट्याची चिठ्ठीही होती, बरोबर पाचशे ग्रॅमची.

एक मी शिवायला टाकलाय. दोन समोरच्या बेनना दिले. त्यांनी रात्री वाटीभर चोळीचं शाक पाठवलं.