गुड मॉर्निंग पथक, बोम्मसंद्रा

२००० नंतरच्या महाराष्ट्रात ज्यांनी पंचायत समितीत नोकरी केली, त्यांना पहाटे पाचला शिट्टी घेऊन गावाच्या वेशीवर उभं राहणं म्हणजे काय, ते सांगावं लागत नाही. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान तेव्हा सुरू झालं. आर. आर. आबा ग्रामविकास मंत्री होते आणि मी सातारा जिल्ह्यात विस्तार अधिकारी. पुढे हागणदारीमुक्तीचं उद्दिष्ट आलं आणि उद्दिष्टापाठोपाठ गुड मॉर्निंग पथक आलं. टमरेल घेऊन निघालेल्या माणसाला हसतमुखाने परत फिरवायचं. काही ठिकाणी गुलाबाचं फूलही द्यायचं. एका हातात टमरेल आणि दुसऱ्या हातात गुलाब, अशा अवस्थेत भल्याभल्यांचा चेहरा प्रेक्षणीय होतो. थोडक्यात, बाहेर जाणाऱ्यांना आत आणणं हे माझं काम. त्याचं मला पेन्शन मिळतं.

आता बोम्मसंद्राला मुलाकडे असतो. बंगळूरच्या दक्षिणेला होसूर रोडवरची ही कारखान्यांची वसाहत. २०२५ च्या ऑगस्टपासून मेट्रोची पिवळी मार्गिका इथपर्यंत येते आणि इथेच संपते. मुलाने सातव्या मजल्यावर फ्लॅट घेतला, वास्तुशांत झाली, पाहुणे गेले आणि कुत्रं आलं. "बाबा, तुम्हाला सोबत होईल," सूनबाई म्हणाली. कोणाला कोणाची सोबत करायची आहे, हे ती दोघं कामावर गेल्यावर कळलं. आत करणाऱ्याला बाहेर न्यायचं, असं माझ्या नोकरीच्या बरोब्बर उलटं काम माझ्याकडे आलं होतं.

लाभार्थ्याचं नाव पेढा. जात डॅशहंड, रंग सातारी कंदी पेढ्याचा, उंची जवळजवळ नाहीच. ही जर्मन जात बिळात शिरून बिज्जूशी झुंजायला तयार केलेली. बिळाच्या आत मालक नसतो, तेव्हा काय करायचं हे कुत्र्याने स्वतःच ठरवायचं, अशी तिची पिढ्यान्‌पिढ्यांची तालीम. हल्ली बिज्जू नाहीत. स्वतः ठरवण्याची सवय तेवढी राहिली आहे.

पहिली अडचण धोरणाची होती. डॉक्टरीण म्हणाली, लसीकरणाचा कोर्स पुरा होईपर्यंत, म्हणजे साधारण सोळा आठवड्यांपर्यंत, पिल्लाला खाली मातीत नेऊ नका, पार्व्होची भीती असते. तोवर बाल्कनीत पॅड टाका, त्यावर करू दे. म्हणजे पहिला जीआर असा, की घरातच, पण पॅडवर. कोर्स संपला की सुधारित जीआर: घरात अजिबात नाही, गवतावर. सरकारी खात्यात असं व्हायचं तेव्हा आम्ही निदान मागचा जीआर रद्द समजावा असं एक वाक्य टाकायचो. पेढ्याला ते वाक्य कोण वाचून दाखवणार?

आणि पॅडचं तरी काय झालं? अनुदानातून बांधलेल्या कितीतरी शौचालयांत मी सरपण आणि गोवऱ्या रचलेल्या पाहिल्या आहेत. लोकांचं चुकत होतं असंही नाही. पाणी नव्हतं, खड्डा उथळ होता आणि शेणी भिजू न देणारी घरातली एकुलती एक पक्की खोली तीच होती. पेढ्याने पॅडचा असाच सुज्ञ वापर केला. दुपारी त्यावर झोपायचा. उठल्यावर त्याचा कापूस काढायचा. मग हॉलमध्ये येऊन, सोफ्याच्या डाव्या पायाशी, मुख्य कार्यक्रम.

साताऱ्याहून एक जुने सहकारी फोनवर म्हणाले, "साहेब, नाक घासा त्याचं त्यात. आमच्या वडिलांनी सगळी कुत्री अशीच सरळ केली." हा उपाय महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे आणि तो साफ निरुपयोगी आहे. मिनिटभरापूर्वीच्या मुतण्याचा आणि आत्ताच्या शिक्षेचा संबंध कुत्र्याला लागत नाही. त्याला एवढंच समजतं, की म्हाताऱ्यासमोर मुतणं धोक्याचं आहे. मग तो सोफ्यामागे जातो. आमचं पथक शिट्ट्या वाजवत आलं की माणसं काय शौचालयाकडे वळायची? ती उसात आणखी चार सऱ्या आत जायची. अहवालात मात्र आम्ही लिहायचो की रस्त्याच्या कडेला कोणी आढळून आलं नाही. म्हणून घरात मी शिट्टी काढली नाही. घड्याळ काढलं.

कारण खरी गोष्ट वेळेची आहे. पिल्लू जितक्या महिन्यांचं, तितके तास, फार तर एखादा जास्त, ते दम धरू शकतं, तोही शांत असलं तर. झोपून उठलं की लागते, खेळून झालं की लागते, खाल्ल्यावर पाव तासात लागते. या तिन्ही वेळांना उचलून त्याच जागी न्यायचं. केलं की तिथल्या तिथे, दोन सेकंदांच्या आत, तुकडाभर खाऊ द्यायचा. घरी येऊन सावकाश दिला, तर तो घरी आल्याबद्दल मिळाला असं धरलं जातं. अनुदान काम झाल्यावर आणि लगेच! तीस वर्षं मी जे जिल्हा परिषदेला पटवू शकलो नाही, ते बिस्किटाच्या चुऱ्यावर सिद्ध झालं.

घरात जिथे एकदा झालं तिथे पुन्हा होऊ नये, याचं शास्त्र वेगळं. डॅशहंडच्या नाकात वासाच्या पेशी साडेबारा कोटींच्या आसपास असतात असं सांगतात, आपल्याकडे पन्नास-साठ लाख. त्यामुळे आपल्याला फरशी स्वच्छ वाटते, त्याला ती पाटी लावल्यासारखी दिसते. अमोनिया असलेल्या द्रावणाने तर पाटी आणखी ठळक होते. मुताशी त्याचा वास जुळतो. एन्झाइमचं द्रावण मिळतं, ते टाकून जरा वेळ तसंच ठेवायचं. गाडगेबाबांच्या हातात खराटा होता, माझ्या हातात फवाऱ्याची बाटली आहे.

सूनबाईचं म्हणणं, दोष वास्तूचा. फ्लॅट वास्तुशास्त्राप्रमाणे, शौचालय वायव्येला, देवघर ईशान्येला, आणि पेढ्याला ईशान्य पसंत. यावर मुलाने मोबाइलवर एक संशोधन काढून दाखवलं. २०१३ मध्ये चेक आणि जर्मन शास्त्रज्ञांनी सत्तर कुत्र्यांच्या मागे दोन वर्षं फिरून केलेल्या नोंदी प्रसिद्ध केल्या. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र शांत असेल, तर कुत्री शी करताना शरीर उत्तर-दक्षिण धरतात, असा त्यांचा निष्कर्ष. त्यांना २०१४ चं इग नोबेल मिळालं. आम्ही होकायंत्र लावून पाहिलं. पेढ्याचं तोंड दर वेळी स्वयंपाकघराकडे होतं.

सातवा मजला हा स्वतंत्र विषय आहे. लिफ्ट येईपर्यंत पेढा धीर धरतो, लिफ्टचं दार बंद झालं की धीर सोडतो. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एकाने लिहिलं, कुत्र्यांना लिफ्टबंदी करा. भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे तशी बंदी घालता येत नाही. मी तो मजकूर गटावर टाकला, आणि मालकाने मागचं आवरावं असंही त्यात आहे म्हणून तळाशी पुसलेल्या लिफ्टचा फोटो जोडला. कामापूर्वी आणि कामानंतर. ही सवय जायची नाही.

खाली गेल्यावर भाषेचा घोळ. मुलगा "गो पॉटी" म्हणतो, सूनबाई "शीशी, शीशी" करते, मी "चला, आटपा" म्हणतो. हुकूम एकच हवा, तीन साहेब असले की शिपाई बसून राहतो. शेवटी पहिल्या मजल्यावरच्या अज्जी मदतीला आल्या. पहाटे त्या अंगणात रांगोळी घालायला येतात. पेढ्याकडे न बघताच त्या म्हणायच्या, "बेग माडप्पा, बेग," आणि पेढा करायचा. आता आमच्या घरात तिघेही तेवढंच कन्नड बोलतो.

सध्याची स्थिती अशी. रात्र कोरडी जाते. पहाटे साडेपाचला मी, पेढा आणि अज्जी खाली हजर असतो. पाऊस असला की मात्र अभियान स्थगित. पोट जमिनीपासून चार बोटांवर असलेल्या कुत्र्याला ओलं गवत सोसत नाही, आणि बंगळूरला पाऊस जूनपासून नोव्हेंबरपर्यंत कधीही येतो. त्यामुळे जाहीर करतो की घर अंशतः मुक्त झालं आहे.

तुम्ही बोम्मसंद्राला आमच्याकडे येणार असाल, तर जरूर या, पण आधी फोन करा. नवीन माणूस दिसला की पेढ्याला आनंद होतो, आणि आनंद झाला की त्याची गळती होते. तो आजार नाही, वयाबरोबर जातो. आत आल्यावर पहिली पाच मिनिटं त्याच्याकडे बघू नका, वाकून लाड करू नका, आणि चपला वरच्या फळीवर ठेवा.