सातव्याकडे लक्ष

जुन्या हायब्रिड गाडीचा मालक ही अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या पार्किंगमध्ये हमखास आढळणारी जात आहे. त्याची प्रियस २००४ ते २००९ या काळातली, म्हणजे दुसऱ्या पिढीची असते. तिचे मैल दोन लाखांवर गेलेले असतात (वीस वर्षे तिकडे राहूनही तो मैल लाखांतच मोजतो). गाडी कशी आहे, असे कोणी सहज विचारले की ‘गाडी उत्तम. फक्त सातवा जरा...’ एवढे म्हणून तो थांबतो. यावर ‘सातवा काय?’ असे विचारायचे नसते. नवखे विचारतात आणि त्यांचा मसालेभात गार होतो.

सातवा म्हणजे सातवा ब्लॉक. या गाडीच्या मागच्या सीटमागे निकेल-मेटल हायड्राइड बॅटरीचा आडवा पेटारा असतो. त्यात २८ मॉड्यूल आणि प्रत्येकात १.२ व्होल्टचे सहा सेल, म्हणजे एकूण १६८ सेल आणि २०१.६ व्होल्ट. गाडीचा संगणक मॉड्यूल जोडीजोडीने तपासतो, म्हणून ब्लॉक १४. सगळे एकाच माळेत ओवलेले असल्यामुळे एक थकला की उरलेल्या तेरांच्या धडधाकटपणाचा फारसा उपयोग होत नाही. त्यातही मधल्या मॉड्यूलना दोन्हीकडून शेजाऱ्यांची ऊब लागते आणि बॅटरीला ऊब मानवत नाही, म्हणून बहुधा मधलेच आधी जातात. सातवा बरोबर मध्ये येतो. मालक हे सगळे टेबलावर चौदा वाट्या मांडून समजावतो. सातव्या वाटीत आमटी असली तरी ती हलवू देत नाही.

आजाराची लक्षणे घरातल्या सगळ्यांना दिसून झाली की मग मालकाला दिसतात. पडद्यावरच्या बॅटरीच्या चित्रात आठ पट्ट्या असतात. निरोगी गाडीत त्या सावकाश चढतात, सावकाश उतरतात. थकलेल्या बॅटरीत त्या हिरव्या टोकापासून जांभळ्या तळापर्यंत दोन-चार मिनिटांत घसरतात आणि तेवढ्याच झपाट्याने वर येतात. सिग्नलला गाडी गप्प बसायची सोडून इंजिन घरघरत राहते. मागचा पंखा मिक्सरसारखा ओरडतो. गॅलनला ४६ मैल देणारी गाडी ३८ वर येते. बायको या टप्प्यावर ‘विकून टाका’ हे निदान करते. ते स्वस्त आणि अचूक असते, पण ऐकले जात नाही.

शेवटी लाल त्रिकोण पेटतो. सोळा डॉलरच्या ब्लूटूथ रीडरवर पी०ए८० हा कोड येतो. त्याचा अर्थच ‘हायब्रिड बॅटरी पॅक बदला’ असा आहे, पण मालकाच्या लेखी कोड म्हणजे निकाल नव्हे, एक मत. डीलरनेही तेच सांगितल्यामुळे ते मत त्याला अधिकच संशयास्पद वाटते. बॅटरीची हमी ८ वर्षे किंवा १ लाख मैल, कॅलिफोर्नियाचे नियम पाळणाऱ्या राज्यांत १० वर्षे किंवा दीड लाख मैल होती. ती संपून मुले कॉलेजात गेलेली असतात. मग तो ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’चा दाखला काढतो. त्या मासिकाने २०११ मध्ये दोन लाखांहून जास्त मैल झालेली २००२ सालची प्रियस तपासली होती. दहा वर्षांपूर्वी तपासलेल्या जवळजवळ नव्या २००१ सालच्या प्रियसने गॅलनला ४०.६ मैल दिले होते, या जुन्या गाडीने ४०.४ दिले. दशांश दोनाच्या त्या फरकावर ही जमात आजवर जगत आली आहे.

निदानाचा त्याचा क्रम मात्र चोख असतो, हे मान्य करावे लागते. पहिला संशय मोठ्या बॅटरीवर घ्यायचा नसतो. डिकीच्या उजव्या कोपऱ्यात साधी १२ व्होल्टची बॅटरी असते. ती मेली की डॅशबोर्डवर दिवाळी होते आणि लोक विनाकारण हजारो डॉलरचा धसका घेतात. नंतर पंखा. त्याची हवा मागच्या सीटच्या उजव्या बाजूच्या जाळीतून आत जाते. अमेरिकी घरांत ती कुत्र्याच्या केसांनी तुंबते. मराठी घरातल्या एका पंख्यातून चिवड्याचे पोहे, गणपतीच्या मखराची जर, एक लेगो आणि २००९ पासून हरवलेली चांदीची कुयरी निघाली. ते तबकात मांडून त्याने आठवडाभर पाहुण्यांना दाखवले. पंखा साफ झाला. सातवा तसाच राहिला.

पेटारा उघडण्याआधी नारिंगी सर्व्हिस प्लग उपटायचा, हजार व्होल्टचे रबरी हातमोजे घालायचे, कपॅसिटर रिकामे व्हायला किमान पाच मिनिटे थांबायचे आणि मीटरने व्होल्टेज उतरल्याची खात्री करायची. नारिंगी तारांशी चेष्टा नाही. मालक दहा मिनिटे थांबतो आणि तेवढ्यात चहा घेतो. आत तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवा गंज चढलेला असतो. तो व्हिनेगरने निघतो. या घरात चिंचेनेही काढून पाहण्यात आला आहे.

खरी परीक्षा चढावर होते. उभ्या गाडीत सगळेच ब्लॉक सज्जन दिसतात. ओझे पडले की कमकुवत ब्लॉक सर्वांत खाली जातो आणि ब्रेक लावून चार्ज होऊ लागला की तोच सर्वांत वर उसळतो. लगेच रडणारे लगेच हसतात, तसे. गॅसवर पाय असताना तेरा ब्लॉक १४.२ वर आणि एक १२.९ वर असेल, तर त्यातला एक सेल गेला असे समजावे. मात्र हे आकडे फोनवर दिसतात आणि गाडी चालवणाऱ्याने फोनकडे बघायचे नसते. त्यासाठी शेजारी माणूस लागतो. मुलांनी अंग काढून घेतलेले असते, बायको त्या सीटवर बसत नाही. उरतात त्या सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई.

‘आई, सातव्याकडे लक्ष ठेवा,’ असे सांगून जावई एडिसन गावाहून पार्कवे महामार्गाच्या रॅम्पवर गाडी दामटतो. सासूबाई निवृत्त बँक कॅशियर असल्या तर प्रकरण हाताबाहेर जाते. पहिल्याच दिवशी त्या पर्समधून छोटी वही काढतात, चौदा आकडे खाली मांडतात, बेरीज करतात आणि म्हणतात, ‘टॅली होत नाही.’ पॅकचा एकूण आकडा वेगळा येत असतो. लिहीपर्यंत ब्लॉकचे आकडे बदलतात, हे जावयाला आठवडाभराने उमगते. मग स्क्रीनशॉट. मग बेरीज १९७.५, अगदी पैशापर्यंत. तेव्हापासून दोघे भाजीलाही पार्कवेवरून जातात. एरवी जेवताना ‘मीठ द्या’ याच्या पुढे न गेलेले दोन प्राणी ओक ट्री रोडवर गाडी लावून ब्रेकच्या वेळचा सातवा आणि चढावरचा सातवा यावर वाद घालताना दिसतात. ‘सातवा पडला हो!’ ही आरोळी एकदा टोलनाक्यावर इतक्या जोरात गेली की शेजारच्या गाडीतल्या बाईंनी काच खाली करून मदत हवी का विचारले.

उपचाराची कथा छोटी आहे. दुसऱ्या गाडीतून काढलेली दोन मॉड्यूल आणून सातवा बदलायचा. मग तिसरा पडतो. तो बदलला की अकरावा. जुन्यांच्या क्षमतेशी नव्याचा मेळ बसत नाही आणि ज्या उन्हाळ्यांनी सातवा संपवला, तेच बाकीच्यांनीही सोसलेले असतात. एवढे सगळे डीलरने सात महिन्यांपूर्वी, तेही एका वाक्यात सांगितलेले असते. अखेर एका शनिवारी नवा पॅक बसतो. फोनवर चौदा पट्ट्या एका उंचीच्या, चढावरही. मालक रॅम्पवर तीनदा जाऊन येतो. बघण्यासारखे काही नसते. शेजारच्या सीटवर वही असते, शेवटच्या पानावर बारीक, सरळ अक्षरात चौदा आकडे आणि खाली दोन रेघा.

सासूबाई तोवर चिंचवडला परतलेल्या असतात. गुडघ्यांमुळे पुढच्या वर्षीचे काही खरे नाही, असे त्यांच्या मुलीला त्यांनी कळवलेले असते. रविवारी व्हिडिओ कॉलवर नातवंडांचे, हवेचे, भाजीच्या भावाचे बोलून झाले की त्या फोन जावयाकडे द्यायला सांगतात आणि विचारतात, ‘सातवा काय म्हणतोय?’

‘खाली-वर चाललंय, आई,’ नव्या पॅकचा मालक सांगतो. ‘तुम्ही आल्याशिवाय टॅली व्हायचं नाही.’