परिक्रमेला गेलेल्या साहेबांस, एक्सेलच्या प्रदक्षिणेतून

नर्मदे हर, साहेब!

फोन बंद, व्हॉट्सॲपवर एकच टिक. आपण परिक्रमेला निघालात हे कळलं तेव्हा अकाउंट्समध्ये कुणालाच आश्चर्य वाटलं नाही. गोल फिरण्याचा आपला सराव जुना. आता पत्र कुठल्या घाटावर टाकायचं तेच कळेना, म्हणून उघडंच ठेवते आहे. पाण्याच्या कूलरशेजारच्या फळ्यावर लावीन. वाचणाऱ्यांना त्यात आपापले साहेब दिसले तर मी जबाबदार नाही.

विषय : निवृत्तीच्या दिवशी पेढ्यांच्या पुड्याबरोबर आपण माझ्या हवाली केलेली 'सीएमए फायनल फायनल २ नवीन' ही फाईल.

आपण म्हणाला होतात, "काही करायचं नाही गं, पिवळ्या सेलमध्ये आकडे टाकायचे, बाकी सगळं आपोआप." ते आपोआप मी गेल्या शुक्रवारी संध्याकाळी पाहिलं. कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून हवी होती आणि बँकेला सीएमए, म्हणजे कर्जासाठीचा अंदाजी आकड्यांचा तक्ता, सोमवारी सकाळी द्यायचा होता. शेठ माझ्या खुर्चीमागे उभे. त्यांना एकदम हौस आली आणि व्याजदराच्या सेलमध्ये त्यांनी स्वतःच्या हातानं टाईप केलं : '१०.५ टक्के'. अक्षरासकट. एंटर मारला आणि पाच वर्षांची प्रोजेक्शनं डावीकडून उजवीकडे 'हॅश व्हॅल्यू' होत गेली. नफा, बाकी, रेशो, सगळं. शेठ म्हणाले, "मी काही केलं नाही," आणि चहा सांगायला म्हणून जे गेले ते परत आले नाहीत.

मी दर सुधारला. तरी हॅश व्हॅल्यू. कंट्रोल झेड. तरी हॅश व्हॅल्यू. फाईल सेव्ह न करता बंद करावी म्हटलं, तर दर पाच मिनिटांनी सेव्ह करण्याची शिस्त आपणच लावलेली. बोटांनी ती मधल्या मध्ये पाळून टाकली होती.

रात्री आठला उलगडा झाला. आपल्या फाईलीत व्याज निघतं कॅश क्रेडिटच्या सरासरी बाकीवर. सरासरीला वर्षअखेरची बाकी हवी. ती बाकी ठरते नफ्यावरून, आणि नफा निघतो व्याज वजा करून. चौघांनी हात धरून फेर धरलेला. अशा फेरात एकदा दोष शिरला की त्याला बाहेर पडायला दार नाही. लहानपणी आमच्या घरी डोळ्यांची साथ यायची. माझे डोळे बरे व्हायचे तोवर दादाचे आलेले असायचे, त्याचे बरे होईतो आईचे, आणि मग पुन्हा माझे. मुळात कुठून आली ते कुणाला आठवतही नसे. इथंही तेच. दराचा सेल केव्हाच बरा झाला होता. व्याजाचा सेल मात्र बाकीकडून हॅश व्हॅल्यू घेत होता आणि नफ्यामार्फत तीच बाकीला परत देत होता.

उपाय दोन मिनिटांचा निघाला, साहेब. सापडायला तीन तास लागले. व्याजाच्या सेलमधला फॉर्म्युला बाजूला उतरवून घेतला, तिथं नुसतं शून्य टाकलं, एंटर. साखळी तुटली, चारही सेल शुद्धीवर आले. मग फॉर्म्युला पुन्हा चिकटवला. हे पाचही वर्षांना करावं लागलं, तेही डावीकडून, कारण पहिल्या वर्षाची अखेरची बाकी हीच दुसऱ्या वर्षाची सुरुवातीची. आधी मी उजवीकडून सुरुवात केली होती. त्याबद्दल न बोललेलं बरं.

आता मुद्द्याचं. असा फेर दिसला की एक्सेल ओरडतं. इतक्या वर्षांत आमच्यासमोर ते एकदाही का ओरडलं नाही? ऑप्शन्समध्ये फॉर्म्युलाजच्या पानावर 'एनेबल इटरेटिव्ह कॅल्क्युलेशन' असा एक चौकोन आहे. त्यात आपली बारीकशी टिक होती. कमाल फेऱ्या १००, बदल ०.००१, कंपनीनं दिलेले आकडे, आपण हातही लावलेला नाही. आपण लोटसच्या काळातले. १९८३ मध्ये आलेल्या त्या लोटस १-२-३ मध्येसुद्धा असा घोळ झाला की पडद्याच्या तळाशी 'सर्क' अशी अक्षरं उमटत. म्हणजे ही सूचना आपल्याला अनोळखी नव्हती. तिला गप्प कसं बसवायचं, तेवढं आपण नंतर शिकलात.

अन्याय नको म्हणून हेही कबूल करते की आपला फेर गणितानं चूक नव्हता. मी कागदावर मांडून पाहिला. सुरुवातीची बाकी ४० लाख, व्याज धरण्याआधीची अखेरची ५० लाख, सोयीसाठी दर १० टक्के, टॅक्स बाजूला. पहिल्या फेरीत व्याज ४,५०,०००. ते बाकीत मिळवून दुसऱ्या फेरीत ४,७२,५००, तिसऱ्या फेरीत ४,७३,६२५, मग ४,७३,६८१. दर फेरीची भर आधीच्या भरीच्या विसाव्या हिश्शाची. आठव्या फेरीत फरक ०.००१ च्या खाली जातो आणि यंत्र थांबतं : ४,७३,६८४. सुरेख! पण हेच उत्तर ४,५०,००० ला ०.९५ नं भागून एका ओळीत येतं. बी.कॉम.ला आपल्यालाही होतंच की, मॅनेजरचं १० टक्के कमिशन, 'असे कमिशन वजा केल्यानंतरच्या' नफ्यावर. कमिशनसाठी नफा हवा, नफ्यासाठी कमिशन हवं. गुरुजींनी तेव्हा आपल्याला शंभर फेऱ्या मारायला लावल्या नव्हत्या. १० भागिले ११० म्हणाले, आणि पुढचं उदाहरण घेतलं.

त्या टिकेखाली दुसरं काय काय सुखानं नांदत होतं ते ऐका. 'चहापान व किरकोळ' या शीटवर महिन्याची बेरीज ८,४००. बेरजेच्या फॉर्म्युल्याची रेंज एका ओळीनं लांबलेली, म्हणजे बेरीज स्वतःलाही बेरजेत धरते. टिक नसती तर एक्सेलनं तिथंच हटकलं असतं. टिक असल्यानं ती शंभर वेळा स्वतःत मिसळली : ८,४०,०००. मी एफ नाईन दाबलं. १६,८०,०००. पुन्हा दाबलं. २५,२०,०००. एवढा चहा भोसरीच्या सगळ्या एमआयडीसीनं मिळून प्यायला तरी दुसऱ्या दिवशी कुणाला झोप लागायची नाही. ही शीट कशालाच जोडलेली नव्हती, हे आपलं आणि शेठचं नशीब.

आपल्याकडच्या न्यायशास्त्रात या दोषांना कधीपासून वेगवेगळी नावं आहेत. स्वतःवरच टेकलेला तो आत्माश्रय, दोघं एकमेकांवर टेकले की अन्योन्याश्रय, तिघं किंवा जास्त गोल टेकले की चक्रक. आपल्या फाईलीत तिन्ही आहेत. चहापान आत्माश्रय, व्याज चक्रक. अन्योन्याश्रय घसाऱ्याच्या शीटवर आहे. तिथं काय मनात होतं, ते आपल्यालाच ठाऊक.

ते शोधायचे कसे, हे पुढच्यासाठी इथंच लिहून ठेवते. टिक काढली की डाव्या कोपऱ्यात खाली 'सर्क्युलर रेफरन्सेस' असं येतं आणि पुढं सेलचा पत्ता. घोळ दुसऱ्याच शीटवर असेल तर नुसते शब्द येतात, पत्ता नाही. म्हणून अकराही शीट एकेक उघडायच्या, पत्ता दिसेपर्यंत. फॉर्म्युलाजमध्ये एरर चेकिंगच्या बाणाखालीही तो सेल सापडतो. एक सुटला की दुसरा डोकं वर काढतो. मी रात्री साडेअकरापर्यंत सात काढले.

टिकेची आणखी एक गंमत आपल्याला बहुधा कधी दिसली नसेल, कारण आपण फाईल नेहमी प्रिंट काढून पाठवायचात. ही टिक फाईलीबरोबर सेव्ह होते खरी, पण चालते ती त्या बैठकीत पहिल्यांदा उघडलेल्या फाईलीची. बँकेतल्या मॅडमच्या मशीनवर सकाळपासून त्यांची कुठली तरी फाईल उघडी, टिक नसलेली. त्यावर मागच्या महिन्यात आपली उघडली. वॉर्निंग आली. त्यांनी मला फोन केला, "मॅडम, तुमचा नफा स्वतःवरच अवलंबून आहे असं कॉम्प्युटर म्हणतोय." मी म्हटलं, "आमच्याकडे तर येत नाही असं काही." केवढ्या ठसक्यात म्हटलं होतं!

तर साहेब, आता टिक काढली आहे. व्याज भागाकारानं काढलं आहे. टॅक्सच्या स्लॅबमुळे एका ठिकाणी फेर ठेवणं भाग पडेल असं वाटलं, तिथं आधी स्विच बसवला : बी २ मध्ये १ टाकलं की व्याज शून्य धरलं जातं, मळ धुऊन निघतो, मग परत ० टाकायचं. नंतर शेठच म्हणाले, तिथलं व्याज सुरुवातीच्या बाकीवर धरा ना, बँक कुठं एवढं बघते. तोही फेर गेला, स्विच मात्र तसाच ठेवला आहे. शेठचा काही भरवसा नाही.

सोमवारी सकाळी फाईल गेली. मॅडमकडे उघडली, वॉर्निंग नाही.

आपली,
आपल्याच खुर्चीवर बसणारी

ता. क. फेर सगळे काढल्यावर तिसऱ्या वर्षाचा बॅलन्स शीट ३७,२५० नं जुळेना. आपल्या हाताखाली तो नेहमी पैशासकट जुळायचा, याचं आम्हाला फार कौतुक. शेवटी किरकोळ देणेकऱ्यांच्या सेलवर क्लिक केलं. फॉर्म्युल्याच्या अगदी शेवटी, कंसाच्या बाहेर, हातानं टाईप केलेलं आहे : अधिक ३७२५०. एखाद्या घाटावर रेंज आली तर एवढंच कळवा, हे आपण कुणाला देणं लागत होतो?