प्रस्तावकाका

इंदूरच्या पोलोग्राउंडात आता पोलोही नाही आणि ग्राउंडही नाही. लहानमोठ्या कारखान्यांच्या शेडी आहेत, वीज कंपनीचं मुख्यालय आहे आणि पोह्याच्या गाड्या आहेत. त्यांपैकी एका गाडीशी सकाळी प्रस्तावकाका हटकून भेटतात. असा एक इसम प्रत्येक औद्योगिक वसाहतीत असतोच: कुठल्याशा खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला, बगलेत स्पायरल बाइंडिंगची फाइल, खिशात दोन पेनं. निळं पेन मसुदा लिहायला आणि हिरवं त्याच मसुद्यावर शेरे मारायला. नोकरीत हिरवी शाई साहेबांचीच असायची. ती हौस आता भागते.

एखादी शेड रिकामी झाली की कुणीतरी कारखानदार म्हणतो, "काका, एक प्रपोजल बनवून द्या ना. पुण्याची पॅकेजिंगवाली पार्टी जागा बघून राहिलीय." काका पैसे घेत नाहीत. झेरॉक्सचे मात्र घेतात, आणि ते बरेच होतात.

कारण काकांचा प्रस्ताव अहिल्याबाईंपासून सुरू होतो. देवींनी बाहेरून विणकर आणून महेश्वरला वसवले, म्हणजे गुंतवणूकदार परिषद आपण तेव्हाच घेतली होती, असा त्यांचा दावा. (तो अगदीच खोटा नाही, हीच पंचाईत आहे.) मग होळकरांचा दरबार, मग कापडगिरण्या. हुकुमचंद मिल 1991 साली बंद पडली, ते पान काका घालत नाहीत. मग स्वच्छतेत 2017 पासून मिळवलेले पहिले नंबर, मग सराफ्यातलं रात्रीचं खाणं. एवढं झाल्यावर कुठेतरी अकराव्या पानावर जागेचं वर्णन येतं. वीज : मुबलक. पाणी : मुबलक. मनुष्यबळ : मुबलक व सुसंस्कृत.

हाच माणूस पोह्यावर जिरावन भुरभुरत बोलायला लागला की ऐकत राहावं. "ती कोपऱ्यातली शेड दिसायला मोठी आहे, पण मोठा कंटेनर तिच्या गेटात वळत नाही. लोड वाढवून मागितला तर ट्रान्सफॉर्मरचा खर्च गळ्यात. शेजारची घे. छप्पर गळतं, पण लोड आधीच मंजूर आहे. आणि पाण्याचा हिशेब आधी मांड बाबा. नर्मदा काय इथे अंगणातून वाहते? सत्तर किलोमीटरवरून, जलूदहून उपसून आणतात." कुठला फिटर सोमवारी येत नाही, कुठल्या दाखल्याला किती चकरा पडतात, सगळं तोंडपाठ. यातलं अक्षरही कागदावर येत नाही. कागद हातात आला की काकांमधला कारकून जातो आणि दरबारी भाट येतो.

त्यांची सून पीथमपूरच्या एका कारखान्यात खरेदी विभागात आहे, म्हणजे टेबलाच्या पलीकडल्या बाजूची. ती एकदा म्हणाली, "बाबा, समोरच्याला एवढंच हवं असतं: जागेचे कागद साफ आहेत का, लोड किती, माल कुठून येणार नि कुठे जाणार, परवानगीला दिवस किती, आणि अडलं तर फोन कुणाला करायचा. खोट असेल तीही आपणच लिहावी. ती आल्यावर दिसतेच. चार पानं पुरतात."

"चार पानं?" काका म्हणाले. "मुंजीची पत्रिका याहून मोठी असते, सूनबाई."

तिने मग अमेरिकेतली गोष्ट सांगितली. ॲमेझॉनने 2017 साली दुसऱ्या मुख्यालयासाठी जागा मागवल्या, तेव्हा 238 प्रस्ताव आले. टूसानच्या मंडळींनी एकवीस फुटी निवडुंग पाठवला. कंपनीने, आम्ही भेटी घेत नाही म्हणून, तो संग्रहालयाला देऊन टाकला. काका बराच वेळ गप्प होते. "निवडुंग कसला पाठवतात! शेव पाठवायची." आणि थोड्या वेळाने, "त्या निवडुंगाला आवक नंबर कुठे टाकला असेल गं?"

खरी गंमत अशी, की उत्तम प्रस्तावाचा नमुना काकांना पाठ आहे. दुसऱ्या तुकोजीरावांनी इंदूरला रेल्वे यावी म्हणून इंग्रजांना एक कोटी रुपये कर्जाऊ दिले. दर साडेचार टक्के, मुदत 101 वर्षं. रक्कम, दर, मुदत! घराण्याची थोरवी महाराजांनी कळवली असेल-नसेल, पण गाडी आली ती या तीन आकड्यांवर. काका हे डोळ्यांत पाणी आणून सांगतात, आणि घरी जाऊन त्यावर तीन पानं लिहितात. त्यात आकडे शेवटी येतात.

2023 च्या जानेवारीत इंदुरात जागतिक गुंतवणूकदार परिषद भरली, पंधरा लाख कोटींहून अधिकचे इरादे जाहीर झाले. कुणाच्या तरी ओळखीने मिळवलेला तिचा पास काकांच्या घरी खुंटीला अजून लटकतोय, फोटोची बाजू पुढे.

पुण्याची पार्टी आली. दोन तरुण पोरं, पाठीवर सॅक. फाइल त्यांनी आदराने दोन्ही हातांनी घेतली आणि पोहे खायला बाकावर ठेवली. एकाने सहज विचारलं, "काका, इकडे लाइट जाते का हो?" झालं! काका अर्धा तास बोलत होते आणि दुसरा पोरगा मोबाइलवर भराभर टिपून घेत होता. गळकं छप्पर, न वळणारा कंटेनर, सोमवारचा फिटर, सगळं. पोरं गेली, फाइल बाकावरच राहिली. पोहेवाल्याने तिच्यावर जिलबीचं ताट ठेवलं.

महिन्याभरात पार्टीने शेड घेतली. शेजारची, छप्पर गळणारी. मालकाने पोलोग्राउंडभर पेढे वाटले, काकांना हार घातला. "काका, तुमच्या प्रपोजलने काम केलं!"

काकांनी हार काढून बाकावर ठेवला. पाकाचा डाग पडलेली फाइल त्यांच्या बगलेत होतीच.

"अर्धंच केलं," ते म्हणाले. "पहिली दहा पानं वाचली असती, तर कोपऱ्यातलीही घेतली असती."